कायरोप्रॅक्टिकची पदवी : मान्यता, परवाना आणि मधेच गळालेल्यांचा हिशेब

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. इथे मी बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आता प्रश्न घरातलाच आहे म्हणून धागा काढते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. धाकटा मुलगा कायनेसिऑलॉजीच्या (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) शेवटच्या वर्षाला आहे, जीपीए ३.१. दिवाळीला घरी आला तेव्हा जेवताना म्हणाला, "आई, मी कायरोप्रॅक्टिकला जाणार. डीसी करणार." डीसी म्हणजे डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक, मणके आणि सांधे यांच्यावर हाताने उपचार करणाऱ्यांची पदवी. ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. ह्यांच्या गावी पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला त्याचा पाय लावून घ्यायचे आणि हाड सरकलं की शेजारच्या वाडीतल्या हाडवैद्याकडे जायचे. "हे शिकायला दोन लाख डॉलर?" एवढंच बोलले आणि ताटावरून उठले. मुलगा दुखावला. शाळेत पोहताना त्याचा खांदा धरला होता. ज्या कायरोप्रॅक्टरने तीन महिने व्यायाम करून घेऊन त्याला बरं केलं, त्यांच्यासारखं त्याला व्हायचंय. त्याच्या मनात हे चार वर्षांपासून आहे, आम्हालाच उशिरा कळलं.

दोघांच्या मधे मी. म्हणून कॉलेजांच्या साइट धुंडाळायला बसले. प्रत्येक ठिकाणी एक पान सापडतं, त्यावर दोन आकडे असतात: परवान्याच्या परीक्षेत पास होणाऱ्यांचं प्रमाण आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण. एका कॉलेजचा पहिला आकडा नव्वदीच्या जवळ आणि दुसरा सत्तरीच्या जरासा वर. मग ते कॉलेज चांगलं की वाईट?

मला हे टोचतंय त्याला कारण आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने निम्म्या वाटेवर हे शिक्षण सोडलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिच्या हाती पदवी नाही, डोक्यावर कर्ज मात्र आहे. ती कुठल्या आकड्यात मोजली गेली, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

पाठकणा

वारणाकाठताई, मी डीसी आहे, मिडवेस्टात चौदा वर्षं प्रॅक्टिस करतोय. तुमचा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. मी प्रवेश घेतला तेव्हा मला तो सुचलाही नव्हता. उत्तर देतो, पण आधी थोडी पायाभरणी.

अमेरिकेत मान्यता दोन पातळ्यांवर असते. एक अख्ख्या संस्थेची. ती एचएलसी (हायर लर्निंग कमिशन) सारख्या मंडळांकडून मिळते आणि सर्वसाधारणपणे सरकारी शैक्षणिक कर्ज तिच्यावर अवलंबून असतं. दुसरी फक्त डीसी अभ्यासक्रमाची. ती कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन, म्हणजे सीसीई देते. कॉलेजच्या जाहिरातीत नुसतं 'मान्यताप्राप्त' लिहिलं असेल तर कोणती मान्यता, हे विचारायचंच. राज्यांची परवाना मंडळं सीसीईची मान्यता बघतात. ती नसेल तर पुढचं सगळंच अडतं.

सीसीई स्थापन झाली १९७१ मध्ये आणि केंद्र सरकारने तिला मान्यता देणारी संस्था म्हणून स्वीकारलं १९७४ मध्ये. त्याच वर्षी लुइझियानाने परवान्याचा कायदा केला आणि पन्नासही राज्यं पूर्ण झाली. पहिलं राज्य कॅन्सस, १९१३. या दोन सालांच्या मधली साठ वर्षं या व्यवसायासाठी फार झगड्याची होती. कायरोप्रॅक्टिकचे जनक डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्टला पहिला उपचार केला, आणि १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून त्यांनाच तुरुंगात जावं लागलं. तेव्हा परवाना नावाची सोयच नव्हती. पुढे १९२५ पासून काही राज्यांनी नियम केला की कुठल्याही पंथाचा वैद्य असो, त्याने शरीररचना, रसायन, जंतुशास्त्र अशा मूलभूत विषयांची परीक्षा द्यायची. त्या रेट्याने कायरोप्रॅक्टिकच्या शाळांना हे विषय नीट शिकवावे लागले. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा: आजच्या डीसीला कमीत कमी ४,२०० तासांचं शिक्षण सक्तीचं आहे. शवविच्छेदन, रोगनिदान, एक्स-रे वाचन हे सगळं त्यात आलं.

परवान्याची परीक्षा नॅशनल बोर्ड ऑफ कायरोप्रॅक्टिक एक्झामिनर्स, म्हणजे एनबीसीई घेते. ही संस्था १९६३ ची, कोलोरॅडोतल्या ग्रीलीची. चार भाग आहेत. पहिला मूलभूत विषयांचा, साधारण निम्मा अभ्यासक्रम झाल्यावर देतात. दुसरा निदान, प्रतिमाशास्त्र, कायरोप्रॅक्टिकची तत्त्वं वगैरेंचा. तिसरा लेखी, पण रुग्णांच्या प्रसंगांवर. चौथा प्रत्यक्ष हाताने करून दाखवायचा. पास व्हायला ३७५ गुण लागतात. फिजिओथेरपीचा एक वेगळा पेपरही आहे, तो बरीच राज्यं मागतात. त्यावर राज्याच्या कायद्याची परीक्षा.

आता तुमच्या ओळखीतल्या मुलीबद्दल. सीसीईचा नियम असा: प्रत्येक कॉलेजने दरवर्षी दोन आकडे जाहीर करायचे. पदवी घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत चारही भाग पास झालेल्यांचं प्रमाण चार वर्षांच्या सरासरीने किमान ८० टक्के हवं. आणि ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळात अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण किमान ७० टक्के.

पहिल्या आकड्यात मोजले जातात ते पदवी घेतलेले आणि परीक्षेला बसलेले. ती मुलगी तिथवर पोचलीच नाही, म्हणून तिथे ती नाहीच. दुसऱ्या आकड्यात ती आहे, 'पूर्ण न केलेल्यां'मध्ये.

वारणाकाठ

म्हणजे पहिला आकडा नव्वद असला तरी तो गाळून उरलेल्यांचा आकडा आहे. असंच ना?

पाठकणा

असंच. वहीवर मांडून बघा. समजा एक कॉलेज दोन्ही किमान अटींवर जेमतेम उभं आहे. १०० जण आत गेले. ७० जणांनी दीडपट मुदतीत पूर्ण केलं. त्यातले सगळे परीक्षेला बसले आणि ८० टक्के पास झाले, म्हणजे ५६. कॉलेजची मान्यता शाबूत आहे, पान हिरवंगार आहे, आणि १०० पैकी ४४ जणांना वेळेत परवान्यापर्यंत पोचता आलेलं नाही. बहुतेक कॉलेजं याहून बरी आहेत, पण दोन्ही आकडे एकत्र वाचल्याशिवाय ते कळत नाही.

'दीडपट' म्हणजे काय तेही बघा. अभ्यासक्रम साधारण दहा ट्रायमेस्टरचा (चार-चार महिन्यांची सत्रं), उन्हाळ्याची सुट्टी न घेता तीन वर्षं आणि चार महिने. दीडपट म्हणजे पंधरा ट्रायमेस्टर, पाच वर्षं. पाच वर्षं लागलेला विद्यार्थीही 'वेळेत पूर्ण' मध्येच धरला जातो, पण त्याचं कर्ज पाच वर्षांचं असतं.

आणि चार वर्षांची सरासरी. एखादं कॉलेज सुधारत असेल किंवा घसरत असेल तर सरासरीत ते झाकलं जातं. म्हणून साल-वार आकडे मागायचे.

तिसरं सत्र

मी सध्या शिकतेय, कॉलेजचं नाव सांगणार नाही. वर जे लिहिलंय ते आतून कसं दिसतं ते सांगते.

आमच्या वर्गातले जे गेले ते बहुतेक पहिल्या तीन सत्रांतच गेले. ते काही आळशी नव्हते. आठवड्याला सव्वीस-सत्तावीस तास वर्ग, त्यात एका सत्रात सूक्ष्म शरीररचना, जीवरसायन आणि मज्जासंस्था एकत्र. ज्यांचं पदवीतलं रसायन कच्चं होतं त्यांना श्वास घ्यायला जागा राहिली नाही. प्रवेशाला नव्वद क्रेडिट आणि ३.० जीपीए हा नेहमीचा निकष, पण त्याखालच्या मुलांसाठीही एक वेगळा मार्ग ठेवलेला असतो. त्या मार्गाने आलेल्यांना नीट शिकवणारं कॉलेज असेल तर उत्तमच. माझी मैत्रीण त्या मार्गाने आली. पहिल्या परीक्षेत नापास झाली तेव्हा तिला एक छापील कागद मिळाला, शिकवणी मिळाली नाही. ती आता घरी आहे.

पण मला हे शिक्षण मनापासून आवडतं, तेही सांगायला हवं. मनगटात करंगळीच्या बाजूला वाटाण्याएवढं एक हाड असतं, पिसिफॉर्म. ते मणक्याच्या बाजूच्या उंचवट्यावर नेमकं टेकवायचं, मधली कातडी ताणून घ्यायची, सांधा जिथे अडतो तिथवर हळू जायचं आणि मग अगदी थोडं, पण झटक्यात. सुरुवातीला आम्ही हे माणसावर करत नाही. स्प्रिंग लावलेल्या फळीवर करतो, शेकडो वेळा. माझे सर एकदा माझा हात धरून म्हणाले, "तू ढकलतेयस. ढकलू नकोस, पोच आणि सोड." तो फरक हाताला कळायला मला सात आठवडे लागले. जिथे एका शिक्षकामागे चाळीस मुलं असतील तिथे हे शिकता येणार नाही. ताई, भेटीला गेलात की तंत्राच्या वर्गात एका टेबलाभोवती किती मुलं उभी असतात ते मोजा.

आणखी एक. शेवटच्या वर्षी क्लिनिकमध्ये ठरावीक संख्येने रुग्ण पूर्ण करावे लागतात. काही कॉलेजांत ते रुग्ण विद्यार्थ्यानेच आणायचे असतात. आमचे वरच्या वर्गातले मित्र जिममध्ये, चर्चच्या जेवणात, शेजाऱ्यांत रुग्ण शोधत फिरतात. ते सगळे पंचविशीतले निरोगी लोक. मान आखडलेली सत्तर वर्षांची आजी, मधुमेहाने पाय बधिर झालेले आजोबा कधी बघणार? क्लिनिकमध्ये बाहेरून आपणहून येणारे रुग्ण किती, हे जरूर विचारा.

डॉ. अजिंक्यतारा

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, साताऱ्यात. विषय माझ्या जवळचा आहे म्हणून थोडं कडक लिहितो.

कंबरदुखीसाठी मणक्यावरच्या हस्तोपचाराला आधार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गोळ्यांच्या आधी वापरायच्या उपायांत त्याचा समावेश आहे. पण दमा, लहान मुलांचे कान, पोटातले विकार मणका 'सरळ' करून बरे होतात, असं जिथे शिकवलं जात असेल, तिथे मी माझं मूल पाठवणार नाही. या व्यवसायात सुरुवातीपासून दोन तट आहेत. एक 'सबलक्सेशन'ला, म्हणजे मणका जागचा किंचित हलण्याला, सर्व आजारांच्या मुळाशी ठेवणारा, दुसरा स्नायू आणि सांधे यांच्यापुरतं राहून बाकी वैद्यकशास्त्राशी जोडून घेणारा. दोन्ही विचारांची कॉलेजं सीसीईच्या मान्यतेखाली आहेत. म्हणजे मान्यतेचा शिक्का बघून हा फरक कळणार नाही. अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचावी लागेल. मुलाला सांगा, एका प्राध्यापकाला विचार: "रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे कधी पाठवायचं, हे तुम्ही किती तास शिकवता?"

पाठकणा

डॉक्टर, तुमच्या म्हणण्याशी सहमत आहे. तो शेवटचा प्रश्न मी माझ्याकडे निरीक्षणाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला लिहून देईन.

इथल्या डॉक्टरांचं आणि आमचं नातं पूर्वी फार कडवट होतं. कायरोप्रॅक्टरांशी संबंध ठेवणं अनैतिक, असा अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा दंडक होता. त्याविरुद्ध चार्ल्स विल्क आणि इतरांनी १९७६ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी तो बहिष्कार स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग ठरवला आणि १९९० मध्ये वरच्या कोर्टाने निकाल कायम केला. त्या निकालाने कायरोप्रॅक्टिकचे सगळे दावे खरे ठरले असं मात्र कुणी समजू नये. तो निकाल बहिष्काराबद्दल होता.

मान्यता गेली तर काय होतं, हेही एकदा घडून गेलंय. जॉर्जियातल्या मॅरिएटाच्या लाइफ युनिव्हर्सिटीची मान्यता २००२ मध्ये सीसीईने काढून घेतली. शिकत असलेल्या मुलांच्या पायाखालची जमीन सरकली, कितीतरी जण दुसऱ्या कॉलेजांत गेले. २००३ च्या सुरुवातीला फेडरल कोर्टाच्या आदेशाने मान्यता परत लागू झाली आणि आज तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे. पण त्या आठ महिन्यांत जी मुलं शेवटच्या सत्रात होती, त्यांची अवस्था मला माझ्या एका सिनियरकडून ऐकायला मिळाली होती. तेव्हापासून मी कुणालाही सांगतो: सीसीईच्या साइटवर कॉलेजच्या नावापुढे पुढची तपासणी कधी, आणि 'प्रोबेशन' किंवा 'वॉर्निंग' लिहिलंय का, ते आधी बघा.

हिशेबी

मी सीपीए, म्हणजे इथला परवानाधारक हिशेबनीस आहे. फक्त पैशांचं बोलतो.

सरकारी कर्जाचे नियम १ जुलै २०२६ पासून बदलताहेत. आतापर्यंत ग्रॅड प्लस नावाचं कर्ज होतं, त्यात कॉलेज सांगेल तेवढा सगळा खर्च उचलता यायचा. नव्या कर्जदारांसाठी ते बंद. व्यावसायिक पदव्यांना वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर ही मर्यादा. बाकी पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख. केंद्राच्या नियमातली व्यावसायिक पदव्यांची जी यादी आहे, तीत कायरोप्रॅक्टिकचं नाव आहे, फिजिओथेरपीचं नाही.

ऐकायला बरं वाटतं. पण डीसीच्या एका वर्षात तीन ट्रायमेस्टरची फी बसते आणि उन्हाळ्यात कमवायला सुट्टी नाही. फी, भाडं, विमा, परीक्षांची फी धरून मी एका नातेवाइकासाठी मांडलं तेव्हा वर्षाचा खर्च पन्नास हजारांच्या वर गेला होता. वरचा खड्डा खासगी कर्जाने भरावा लागतो आणि त्याला सहसा आईवडिलांची सही लागते. वारणाकाठ, ही सही तुमच्याकडे मागितली जाईल. आधीच ठरवून ठेवा.

मिळकतीचं बोलायचं तर श्रम खात्याच्या आकडेवारीत २०२३ मध्ये कायरोप्रॅक्टरांची मध्यम वार्षिक कमाई ७६,५३० डॉलर होती. दीड-दोन लाखांच्या कर्जावर हा पगार म्हणजे दहा वर्षांत फेड करणं जड आहे. शिवाय मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, कायरोप्रॅक्टरला फक्त मणक्यावरच्या हस्तोपचाराचे पैसे देतो. तपासणी, एक्स-रे, व्यायाम यांचे नाही. म्हणून बरेच जण स्वतःचं क्लिनिक टाकतात आणि त्यासाठी पुन्हा कर्ज.

सीसीईच्या त्या दोन आकड्यांत कर्ज आणि कमाई येत नाही. मला हा मोठा उणेपणा वाटतो. परवाना मिळाला, इथे त्यांचा हिशेब संपतो. विद्यार्थ्याचा तिथे सुरू होतो.

मिरजेची फिजिओ

धागा वाचून राहवलं नाही. मी बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) केलंय, मिरजेत दोन वर्षं काम. एका एजंटने सांगितलं की अमेरिकेत फिजिओपेक्षा डीसी सोपं, बीपीटीवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. खरं आहे का? घरचे जमीन गहाण ठेवायला तयार आहेत.

पाठकणा

ताई, जमिनीचे कागद कपाटात राहू देत. आधी हे वाचा.

थेट दुसऱ्या वर्षाची हमी एजंट देऊ शकत नाही. तुमची गुणपत्रिका तपासून काही विषयांची सूट द्यायची की नाही हे ते कॉलेज ठरवतं. बीपीटीमुळे प्रवेशाची नव्वद क्रेडिटची अट बहुधा भागेल, त्यापुढचं सगळं कॉलेजच्या हातात.

परदेशी विद्यार्थ्याला सरकारी कर्ज नाही. शिक्षणानंतर कामासाठी मिळणारी परवानगी, ओपीटी, डीसीला बारा महिनेच, कारण ही पदवी वाढीव मुदतीच्या यादीत नाही. त्या बारा महिन्यांत परवाना, नोकरी आणि व्हिसा तिन्ही जमवायचे.

तुमच्यासाठी दुसरी वाट आहे. बीपीटीचं मूल्यमापन करून घेऊन फिजिओचीच राष्ट्रीय परीक्षा, एनपीटीई. इथे फिजिओथेरपिस्ट आणि नर्स हे सरकारने तुटवड्याचे व्यवसाय म्हणून नोंदवलेले आहेत. त्यामुळे ग्रीन कार्डसाठी मालकाला श्रम खात्याची लांबलचक चाचणी करावी लागत नाही. कायरोप्रॅक्टर त्या यादीत नाहीत. मूल्यमापनात बीपीटीत काही विषय कमी निघतात, ते भरून काढावे लागतात. वेळ लागतो. पण तुमचं आधीचं शिक्षण वाया जात नाही.

मिरजेची फिजिओ

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आजच बाबांना वाचून दाखवते. खूप खूप आभार, दादा.

नाशिककर

थोडं वेगळं, पण याच विषयाचं. आमच्याकडे हल्ली कायरोप्रॅक्टिकचे बोर्ड गल्लोगल्ली दिसतात. व्हिडिओ बघून माझे वडील एका ठिकाणी गेले. वय ६८, मान धरलेली. त्या माणसाने ना तपासलं, ना जुना एमआरआय बघितला. हनुवटी आणि डोकं धरून झटका दिला, मोठा आवाज आला, बाजूचा मुलगा मोबाइलवर चित्रण करत होता. त्या रात्रीपासून वडिलांच्या उजव्या हाताला मुंग्या आणि अंगठ्यात जोर नाही. महिनाभर उपचार घेऊन हात सावरला. तक्रार करायला गेलो तेव्हा कळलं की भिंतीवरचं प्रमाणपत्र दोन दिवसांच्या कार्यशाळेचं होतं. नाव लिहीत नाही. पण तक्रार करायची कुठे?

डॉ. अजिंक्यतारा

नाशिककर, वडील सावरले हे वाचून बरं वाटलं. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वैधानिक परिषद नाही, म्हणून नोंदवही नाही आणि नाव काढून टाकणारंही कुणी नाही. फिजिओथेरपिस्ट असेल तर आपल्याकडे राज्याची परिषद आहे, तिथे जाता येतं. नाही तर ग्राहक न्यायालय, आणि इजा झाली असेल तर पोलीस. वैद्यकीय कागद जपून ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यात पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास आणि त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्णांवर, असं स्पष्ट लिहिलंय. शेजारी दोन दिवसांचं प्रमाणपत्र ठेवून बघा. मानेला हात लावणाऱ्याला, "तुझं नाव कोणत्या नोंदवहीत आहे?" हे विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

टेम्सकाठ

इंग्लंडमध्ये याचं उत्तर कायद्यात आहे. १९९४ च्या कायद्याने जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल स्थापन झाली. तिच्याकडे नोंद नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं हा गुन्हा आहे. कौन्सिलच्या साइटवर नाव टाकलं की अर्ध्या मिनिटात कळतं. अमेरिकेतून डीसी करून इथे यायचं तर क्षमता-चाचणी द्यावी लागते.

वारणाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. तुमचे सगळे प्रतिसाद छापून घेतले आणि ह्यांना वाचायला दिले. ते काही बोलले नाहीत, पण कॉलेज बघायला जायच्या दिवशी सकाळी गाडीत येऊन बसले. हातात वही.

प्रवेश विभागातल्या बाईंनी छान माहिती दिली. परीक्षेचा आकडा त्यांनी आपणहून सांगितला. मग ह्यांनी विचारलं, "पाच वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूतल्या तुकडीत किती मुलं आली, त्यातली आजवर किती परवाना घेऊन काम करताहेत, आणि जी गेली ती कुठल्या सत्रात गेली?" त्या क्षणभर थांबल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या की असा प्रश्न आईवडील विचारत नाहीत, तुकडीवार माहिती रजिस्ट्रारकडे मागावी लागेल. मला त्यांचं ते थांबणं आवडलं. खोटं काही सांगितलं नाही.

तंत्राच्या वर्गात मी टेबलं मोजली. एका टेबलाशी तीन मुलं होती, आणि वर्गभर तीन शिक्षक फिरत होते. क्लिनिकच्या बाकावर खरोखरच म्हातारी माणसं बसलेली होती. एक आजोबा काठी टेकत आले. विद्यार्थ्याने आधी त्यांचे बूट-मोजे काढून तळव्याला कापूस लावून बघितला, प्रतिक्षेप तपासले, आणि मग त्याच्या बाईंना बोलावून म्हणाला की आज उपचार नको, यांना आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवू या. बाईंनी मान डोलावली आणि त्याच्यासमोर बसून पत्र लिहून घेतलं. हे सगळं ह्यांनी उभ्याने बघितलं. परतीच्या वाटेवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ह्यांनीच मुलाला विचारलं, "तुला बायोकेमला काय होतं?" सी प्लस.

एक प्रश्न राहिला: काही राज्यांत परवान्यासाठी डीसीच्या जोडीला बॅचलर पदवीही लागते म्हणे. तो म्हणतो, नव्वद क्रेडिट झालेत, पदवी अर्धी सोडून जानेवारीतच जाऊ का?

पाठकणा

अजिबात नको. बरोबर ऐकलंय, काही राज्यं बॅचलर मागतात, आणि लग्नानंतर, नोकरीनंतर तो कुठल्या राज्यात असेल हे आज कुणाला ठाऊक? इलिनॉयमध्ये तर कायरोप्रॅक्टर एमडींसारखेच मेडिकल प्रॅक्टिस ॲक्टखाली परवाना घेतात, दुसऱ्या राज्यात कायदा वेगळा, करता येणारे उपचारही वेगळे. ओरेगॉनमध्ये किरकोळ शस्त्रक्रियेपर्यंत मुभा आहे, इतर बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही. पदवी पूर्ण करू दे, आणि बायोकेम पुन्हा घेऊ दे. 'तिसरं सत्र' यांनी लिहिलंय ना, गळती तिथेच होते.

तिसरं सत्र

ताई, त्याला बायोकेमसाठी माझ्या नोट्स हव्या असतील तर विपू (या साइटवरचा निरोप) करा. पहिल्या सत्राच्या सगळ्या स्कॅन करून ठेवल्यात.

वारणाकाठ

केली विपू. त्याने बायोकेमला पुन्हा नाव घातलंय, आणि शनिवारी सकाळी त्याच्या त्या कायरोप्रॅक्टरांकडे निरीक्षणाला जातो. ह्यांच्या वहीत आता तीन कॉलेजांचे रकाने आहेत: आत किती, बाहेर किती, परवाना किती, कर्ज किती. पहिला आणि तिसरा भरलाय. दुसऱ्यासाठी तिन्ही रजिस्ट्रारना सोमवारी मेल गेली. उत्तरं आली की कॉलेजांची नावं न घेता इथेच टाकते.